पदवीधर गाव का सोडतात? प्रश्न उलटा विचारा

समाजशास्त्र आणि समाजकार्य विभागांत एक प्रकल्प वर्षानुवर्षे होतो : पदवीधर तरुण आपला भाग का सोडतात? प्रश्नावली भरून घेतली जाते. नोकरी नाही आणि शहराची ओढ आहे, हा निष्कर्ष ठरलेला. तरुणांत गावाविषयी आपुलकी निर्माण करावी, ही शिफारसही ठरलेली. विद्यार्थी असताना आम्हीही अशा प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. जातीचा रकाना पहिल्या पानावर असतो, विश्लेषणात मात्र तो गायब होतो. म्हणून मराठवाड्याचा इतिहास पुन्हा वाचायला हवा.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याला विद्यापीठ नव्हते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, आणि माध्यम उर्दू. अस्पृश्याच्या मुलासाठी हे अंतर फक्त मैलांचे नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली आणि १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ आले १९५८ साली, म्हणजे आठ वर्षांनंतर.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावणारे बाबासाहेबच दोन वर्षांत मराठवाड्यात महाविद्यालय काढतात. यात विसंगती नाही. त्यांनी तरुणांना गावगाड्यात परत पाठवले नाही. त्यांनी त्याच प्रदेशात गावगाड्याबाहेरची एक जागा उभी केली. नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून शिकलेली पिढी शिक्षक झाली, वकील झाली, लेखक झाली. डॉ. गंगाधर पानतावणे मूळचे नागपूरचे. ते इथे शिकवायला आले, इथलेच झाले आणि 'अस्मितादर्श' त्यांनी औरंगाबादहून चालवले. सन्मानाची जागा असली की माणूस टिकतो, एवढेच नव्हे तर बाहेरचाही येतो.

मग गळती कशाने लागली? २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचीराम कांबळे शहीद झाले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. राग फक्त नावाचा नव्हता. शिकलेला, नोकरीला लागलेला, मान वर करून चालणारा दलित डोळ्यांत खुपत होता. ज्याचे घर शिकल्यामुळे जळते, त्याला 'गाव का सोडलेस?' हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारायचा?

पण दोष सगळा बाहेरच आहे, असे म्हणून आपण सुटत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची व्यथा बोलून दाखवली होती. गावगाडा सोडणे म्हणजे मुक्ती. वस्ती विसरणे म्हणजे विश्वासघात. या दोन गोष्टींची गल्लत आपण सोयीने करतो. शहरात फ्लॅट घेऊन १४ एप्रिलला स्टेटस ठेवणारा पदवीधर या व्यथेतून वगळलेला नाही.

म्हणून प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : 'का गेलात?' एवढ्यावर थांबू नका. परत यायचे तर कशाकडे यायचे, ते विचारा. तालुक्यात राखीव जागांचा अनुशेष किती? अनुदानित संस्थेत प्राध्यापक नेमताना संस्थाचालक काय बघतो? कसत असलेली गायरान जमीन नावावर झाली का? तालुक्याच्या गावी आडनाव सांगून भाड्याने खोली मिळते का? आणि गेलेल्यांना विचारा : वस्तीतल्या किती मुलांची फी भरली, किती जणांना अर्ज भरायला मदत केली?

ही उत्तरे जातीनुसार वेगळी मांडा. मग कळेल की कोणी भाग सोडला आणि कोणाला भागाने हाकलले. तरुणांना थांबवायचे असेल तर आपुलकीची भाषणे पुरणार नाहीत. नागसेनवनासारख्या जागा तालुक्या-तालुक्यात उभ्या कराव्या लागतील, आणि त्या आपल्यालाच कराव्या लागतील.

जय भीम!