दुसरी किल्ली

आमचे आजोबा प्रवासाला निघाले की पत्र्याच्या ट्रंकेला पितळी कुलूप घालीत आणि किल्ली जानव्याला बांधीत. किल्ली एक, धनीही एक!

परवा भाची अमेरिकेला निघाली. तिच्या बॅगेचे कुलूप आकडे जुळवून उघडायचे. तरीही शेजारी किल्लीचे छिद्र होते. "आणि किल्ली गं?" मी विचारले. "ती तिकडच्या तपासनिसांजवळ असते, मामा."

कुलूप आपले आणि किल्ली परक्याची! हा न्याय कोठून आला?

एके काळी कुलुपाला मोठा अभिमान होता. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले आणि पुढे दुकानाच्या खिडकीत पैज मांडली : किल्लीवाचून हे उघडेल त्याला २०० गिनी! १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ५१ तास खपून ते उघडले. जेरेमाया चबचे कुलूप तर त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडले. पण १८१८ सालच्या या चबची युक्ती मोठी शहाणपणाची होती. कोणी खोटी किल्ली चालवू गेला की त्याचे कुलूप आतून अडकून बसे आणि मालकाला चोरीच्या प्रयत्नाची वर्दी देई.

पुढे ११ सप्टेंबर २००१ चा घात झाला. अमेरिकेत विमानाच्या पोटात जाणारी प्रत्येक बॅग तपासायची असे ठरले. संशय आला की बॅग उघडायची. कुलूप असेल तर तोडायचे. त्यावर तोड म्हणून २००३ साली तपासनिसांच्या सामाईक किल्लीने उघडणारी कुलपे बाजारात आली. मात्र २०१४ साली त्या किल्ल्यांचे छायाचित्र एका वृत्तपत्रात छापून आले आणि २०१५ साली त्यावरून लोकांनी घरबसल्या प्लॅस्टिकच्या किल्ल्या घडविल्या. कुलपे उघडलीही!

मग कुलूप लावूच नये काय? अवश्य लावावे. धक्काबुक्कीत चेन आपोआप उघडत नाही, रिकामा हात चाळा करीत नाही. काही कुलपांवर तर तपासनिसाची किल्ली फिरली की लाल खूण उमटते. दोनशे वर्षांपूर्वीच्या चबचाच तो वारसा! परंतु चेनचे दात बॉलपेनच्या टोकानेही विलग होतात. कुलूप फार तर साक्ष देईल. राखण करणार नाही.

एवढे पुराण ऐकून ताईचा चेहरा उतरला. तिने मुकाट्याने बॅग उघडली, साड्यांच्या घडीतून आमच्या आईच्या पाटल्या काढल्या आणि लेकीच्या हातात चढविल्या. त्या जागी चकल्यांचा डबा बसला.

भाचीने कुलूप लावले. आकडा मात्र तिने मलाही सांगितला नाही.