पहाटेचा ट्रक आणि सायकलचा पंप

वणीच्या कोळसापट्ट्यात हिवाळ्यातल्या पहाटे जुना ट्रक सुरू होताना थरथरतो, पांढरा धूर सोडतो. तापला की शांत होतो. असे का?

सायकलचा पंप आठवू. हवा दाबली की तापते. त्याच उष्णतेने, ठिणगीविना, इंधन पेटावे ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. १८९३ चे पहिले इंजिन फसले; १८९७ मध्ये यश आले. १९५४ पासून टेल्कोचे डिझेल ट्रक भारतात बनू लागले.

थंड सिलिंडर ही उष्णता शोषतो. रिंगा झिजल्या असतील तर दाबही गळतो. मग डिझेल न जळताच धूर होऊन निघते. दोषी सिलिंडर शोधायला मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलची नळी सैल करतात. आवाज बदलला नाही, तर दोष तिथेच. (नव्या कॉमन रेल इंजिनांत हे धोक्याचे!)

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोग म्हणून आपण वर्गात आणखी वेगळे काय शिकवतो?