बुलेटवाले, येझदीवाले, राजदूतवाले : एका जुन्या भांडणाचा इतिहास

आजचा विषय हलकाफुलका वाटेल. बुलेट भारी की येझदी, असं एका ओळीत सांगितलं तर चहाच्या टपरीवरचा वाद वाटतो, आणि तो तिथलाच आहे. पण टपरीवरच्या वादालाही इतिहास असतो. स्कूटर घरोघरी होती. फ्रीज, रेडिओ, शिवणयंत्र यांनाही कंपन्यांची नावं होती. तरी माणसाची ओळखच कंपनीच्या नावानं व्हावी, 'तो बुलेटवाला', 'ते येझदीवाले काका', हे भाग्य मुख्यतः मोटरसायकलच्या वाट्याला आलं. असं का झालं? ही निष्ठा आली कुठून, आणि शेवटी ती कोणाच्या उपयोगी पडली? आज आपल्याला एवढेच दोन प्रश्न घ्यायचे आहेत.

आधी गाड्यांची जन्मकुंडली पाहू. बुलेट मूळची इंग्लंडची, रेडिच गावच्या रॉयल एनफिल्डची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराला दणकट मोटरसायकल हवी होती, आणि सरकारनं ३५० सीसीची बुलेट निवडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून 'एनफिल्ड इंडिया' काढली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना झाला. सुरुवातीला सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे सगळंच इथे बनू लागलं. गंमत म्हणजे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, आणि तिचं पोर मात्र मद्रासला जगलं.

दुसरी जावा. ही चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचा परवाना घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा', अशी जावा. रुस्तम आणि फारूख इराणी या पारशी उद्योजकांनी मैसूरला 'आयडियल जावा' काढली, आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. १९७० च्या दशकात परवान्याचं नाव गेलं आणि गाडी 'येझदी' झाली. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ 'चालवतो', 'फिरतो' असा. इराणमधल्या यझ्द या शहराशीही हे नाव जोडलं जातं, आणि पारशी मालकांच्या कंपनीला तेही शोभतंच.

तिसरी राजदूत. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलवरून १९६२ च्या सुमारास ती काढली. १७५ सीसी, साधी, सोशिक. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटातली छोटी राजदूत आठवत असेल. पण तिचा खरा संसार होता दुधाच्या कॅनांबरोबर आणि खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांवर.

म्हणजे एक गाडी इंग्लंडची, एक चेक, एक पोलिश. आणि त्यांच्या नावानं भांडणारे आपण! पण यात हसण्यासारखं काही नाही. पंधरा-वीस वर्षं एखादी वस्तू आपल्या रस्त्यावर राबली, आपल्या मेस्त्रीच्या हाताखालून गेली, की तिचं मूळ गाव मागे पडतं. आपल्या जुन्या मराठीत मोटरसायकलला 'फटफटी' म्हणायचे. शब्द आवाजावरून आला. यंत्र परकं असेल, पण नाव आपल्या कानानं ठेवलं.

आता निष्ठेकडे येऊ. आज आपण ब्रँडनिष्ठा म्हटलं की जाहिरात डोळ्यासमोर येते. त्या काळात मात्र परवाना राज होतं. कोणती कंपनी काय बनवणार आणि किती बनवणार, यावर सरकारचं नियंत्रण. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी माणसं आपल्याच घरात होती. जिथे मागणी जास्त आणि माल कमी, तिथे कंपनीला गिऱ्हाइकाची मनधरणी करायची गरज फारशी नसते. मग निष्ठा निर्माण केली कोणी?

याचं पहिलं उत्तर आहे पाय. होय, आपला पाय! जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. येझदीचं बरोबर उलट: गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. त्यातून येझदीची आणखी एक करामत. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. आत दाबून फिरवला की त्याचीच किक व्हायची. नवख्या माणसाला गाडी दिली तर तो किक शोधत बसायचा, आणि येझदीवाल्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू यायचं.

बुलेटचीही परीक्षा होतीच. हेडलाइटवर एक छोटा अ‍ॅम्पिअर मीटर असायचा. इग्निशन चालू करायचं, डिकॉम्प्रेशनचा दांडा दाबून इंजिन हळूच पुढे सरकवायचं, काटा मध्यावर आला की दांडा सोडायचा, आणि मग पूर्ण वजन टाकून किक मारायची. चुकलं तर किक उलटी येऊन पायावर बसायची. ज्याची नडगी एकदा शेकली तो ही रीत विसरत नसे. म्हणजे बुलेट विकत घेऊन कोणी बुलेटवाला होत नव्हता, शिकून व्हायचा. आणि एकदा पाय त्या सवयीचा झाला की दुसऱ्याची गाडी चालवताना भलत्या क्षणी ब्रेकऐवजी गिअर दाबला जायचा. गाडी बदलायची तर शरीराची सवय बदलायची. ही निष्ठा आधी पायात होती, मनात नंतर गेली.

दुसरं उत्तर आहे मेस्त्री. त्या काळात गावात, पेठेत ठरलेले मेस्त्री असत. बुलेटचा मेस्त्री वेगळा, येझदीचा वेगळा. बुलेट फोर स्ट्रोक. तिचा टॅपेटचा आवाज कानानं ओळखणारा माणूस लागायचा. येझदी टू स्ट्रोक; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, जास्त झालं तर सायलेन्सर आणि प्लग काजळीनं भरणार, कमी झालं तर इंजिन जाम. आपला मेस्त्री ज्या गाडीचा, आपण त्या गाडीचे. त्याच्या दुकानाच्या बाकड्यावर दहा येझदीवाले एकमेकांना भेटायचे. कोणाला प्लेट हव्या, कोणाला केबल, कोणाकडे जुनं कार्बोरेटर पडलेलं. पुढे याला 'क्लब' म्हणू लागले. तेव्हा त्याला काही नाव नव्हतं.

अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओग्वीन या अमेरिकन अभ्यासकांनी २००१ मध्ये 'ब्रँडभोवतीचा समाज' ही कल्पना मांडली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: आपण एका जातकुळीचे आहोत ही जाणीव, ठरलेल्या रीतीभाती, आणि एकमेकांना मदत करण्याची जबाबदारी. त्यांची उदाहरणं मोटारींची आणि संगणकाची होती. पण आपल्या मेस्त्रीच्या बाकड्यावर या तिन्ही खुणा त्याआधी तीस-चाळीस वर्षं नांदत होत्या. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. अशा समाजाला समोर कोणीतरी लागतं. आपण कोण हे सांगताना आपण कोण नाही हेही सांगावं लागतं.

मग भांडण काय होतं? बुलेटवाला म्हणायचा, तुमची गाडी म्हणजे धुराचं डबडं. येझदीवाला म्हणायचा, तुमची गाडी म्हणजे तेल गळणारा रणगाडा. आकडे पाहिले तर फरक फार नव्हता. ३४६ सीसीच्या बुलेटची ताकद सुमारे १८ अश्वशक्ती, आणि २५० सीसीच्या येझदी रोडकिंगची सुमारे १६. म्हणजे येझदीवाल्याचा युक्तिवाद खोटा नव्हता; कमी इंजिनात जवळपास तेवढीच ताकद. बुलेटवाल्याचाही खोटा नव्हता. तिच्या संथ, लांब ठोक्याचं जे बळ चढावर मिळायचं त्याची मजा निराळी. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे अशा वादांचा निकाल लागायचा. पण टपरीवर निकाल कोणाला हवा होता? निकाल लागला असता तर दुसऱ्या दिवशी बोलायचं काय?

इथे एक गोष्ट विसरायची नाही. या भांडणाला प्रतिष्ठेची किनार होती. बुलेटवर फौजदार, लष्करी अधिकारी, गावचा पाटील. येझदीवर कॉलेजातला तरुण, हौशी भटक्या. राजदूतवर दूधवाला, शेतकरी. धर्मेंद्रसारख्या नटानं राजदूतची जाहिरात केली, तरी टपरीवरच्या वादात राजदूतवाल्याला कोणी फारसं विचारत नसे. त्याला वादाला वेळही नव्हता. सकाळी दूध पोचवायचं होतं. इतिहासात अशी माणसं कमी बोलतात, म्हणून त्यांची निष्ठा कमी धरायची नाही.

१९८० च्या दशकात सरकारनं दार थोडं उघडलं आणि जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर आल्या. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची ३५० सीसीची गाडी 'राजदूत' नावानं आणली. वेगाला विलक्षण, पण महाग आणि पेट्रोलला खादाड. ती फार चालली नाही. दंतकथा मात्र झाली. मग पाठोपाठ १०० सीसीच्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, आणि आपल्या पुण्याच्या बजाजची कावासाकी. आता भांडणाचे पक्ष बदलले. आरएक्स १०० ची ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम १०० किलो. सिग्नल सुटला की ती पुढे. सीडी १०० वाला शांतपणे म्हणायचा, ठीक आहे, पण लिटरला किती देते? हिरो होंडाच्या जाहिरातीचा सगळा रोखच असा होता की पेट्रोल भरा आणि गाडी विसरून जा.

'विसरून जा' हा शब्द नीट ऐका. बुलेटवाल्याची आणि येझदीवाल्याची सगळी निष्ठा गाडी न विसरण्यावर उभी होती. आता अशी गाडी आली जिला खास पाय लागत नव्हता, खास मेस्त्री लागत नव्हता. शिक्षक, कारकून, एमआर, सगळ्यांना ती परवडली. हा मोठाच फायदा होता, तो नाकारायचं कारण नाही. पण निष्ठेचं जुनं मूळ इथे सैल झालं.

१९९६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी धुराचे नियम कडक झाले. आरएक्स १०० बंद झाली. आणि मैसूरचा कारखानाही बंद पडला. कारण एकटा धूर नव्हता; जपानी गाड्यांची स्पर्धा होती, कंपनीच्या आतले प्रश्न होते. कंपनी अवसायनात निघाली. कामगारांच्या हातचं काम गेलं. येझदीवाले मात्र राहिले. जुलैचा दुसरा रविवार 'जावा दिवस' म्हणून पाळला जाऊ लागला. कंपनी नाही, शोरूम नाही, जाहिरात नाही, आणि तरी लोक गाड्या घेऊन जमतात. मेस्त्रींनी सुटे भाग जपले, काही घडवून घेतले. ब्रँडनिष्ठेचं इतकं शुद्ध उदाहरण क्वचित सापडेल: ज्याला निष्ठा वाहायची तो ब्रँडच उरला नव्हता!

बुलेटची कथा वेगळ्या वळणानं गेली. एनफिल्ड इंडिया १९९४ मध्ये आयशरकडे आली. २००० च्या सुमारास खप इतका कमी होता की कारखाना चालवावा की नाही असा प्रश्न होता. सिद्धार्थ लाल यांनी तो चालवायचं ठरवलं. पुढच्या काही वर्षांत गिअर डाव्या पायाला आला, सेल्फ स्टार्ट आला, जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन गेलं. जुने बुलेटवाले कळवळले: ही आमची गाडी नव्हे, हिचा आवाज तो नव्हे. त्यांचं दुःख आता आपल्याला समजू शकतं. त्यांच्या पायात जे शिक्षण होतं ते एका दिवसात निरुपयोगी झालं. पण नव्या माणसांना दार उघडलं, आणि २०१८ च्या आसपास वर्षाला ८ लाखांवर गाड्या खपू लागल्या. दरवर्षी गोव्यात कंपनीच मेळावा भरवू लागली. २०१७ मध्ये बजाजनं डॉमिनारच्या जाहिरातीत बुलेटला नाव न घेता हत्ती म्हटलं आणि हत्ती पाळू नका असा सल्ला दिला. बुलेटवाले चिडले, उत्तरं देऊ लागले. म्हणजे टपरीवरचं भांडण आता कंपनीच्या खर्चानं चालू झालं होतं.

२०१८ मध्ये महिंद्रांच्या पाठबळावर जावा परत आली, २०२२ मध्ये येझदी. जावाचे दोन सायलेन्सर दिमाखात परत आले. पण गाडी फोर स्ट्रोक, गिअरच्या दांड्याची ती किक नाही, आणि कारखाना मैसूरला नाही, मध्य प्रदेशात पीथमपूरला. येझदी हे नाव कोणाचं, यावरून न्यायालयात लढाई झाली. आता आपला दुसरा प्रश्न घेऊ. नाव मालकीचं असतं, ते विकलं जातं, त्यावर खटला होतो. पण त्या नावाला वीस-पंचवीस वर्षं जिवंत ठेवलं कोणी? चालवणाऱ्यांनी आणि मेस्त्रींनी. ते नाव आधी घडवलं कोणी? मैसूरच्या कामगारांनी. ही सगळी कमाई नावात साठली, आणि नाव ज्याच्या हाती त्याला ती मिळाली.

म्हणून यापुढे कोणी बुलेट-येझदीचा वाद काढला तर आपण जरूर भाग घेऊ. वादात मजा आहे, आणि तो आपला आहे. फक्त एक विचारू: तुझी गाडी उघडून जोडणारा मेस्त्री कोण, आणि त्याच्यानंतर ते काम शिकतंय कोण? पुष्कळ पेठांमध्ये या दुसऱ्या प्रश्नाला आज उत्तर मिळत नाही. गाडीवर निष्ठा असेल तर आधी त्याची काळजी करायला हवी.