पण लक्षात कोण घेतो!

हरि नारायण आपटे (1864–1919) यांची सामाजिक कादंबरी. 1890 पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. पुण्याच्या ब्राह्मण घरातली यमू स्वतःच आपली हकिकत सांगते. माजघरातली बोली, सासुरवास, बालविवाह सारे तिच्या तोंडून येते. पती रघुनाथ तिला शिकवतो, मुंबईत स्वतंत्र बिऱ्हाड होते. हे स्वातंत्र्य मात्र नवऱ्याच्या हयातीपुरतेच. वैधव्यानंतर तिचे बळजबरीने केशवपन होते. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींचा दांभिकपणा आपट्यांनी विलक्षण बारकाईने रंगवला आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (1857) विधवांचा प्रश्न आला होता, पण प्रचाराच्या अंगाने; स्त्रीचे अंतर्मन ताकदीने प्रकटले ते आपट्यांच्या या कादंबरीतच. पुढे ‘मी’ कादंबरीत आपट्यांनी लग्नापलीकडे समाजकार्यात रमणारी ताई उभी केली.