गाळलेलं शून्य

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण साऱ्या राज्याला कळलं. अशा ठिकाणी बाळाच्या वजनातले पन्नास ग्रॅमही मोलाचे.

समजा, डिजिटल काट्याच्या चिपमध्ये ६०५० ग्रॅम हा पूर्णांक आहे. पडद्याला मात्र अक्षरं लागतात. म्हणून चिप संख्येला दहाने भागत जाते आणि प्रत्येक बाकीत ४८ मिळवते, कारण १९६३ च्या आस्की संकेतात शून्याच्या अक्षराला ४८ हा क्रमांक मिळाला. आता किलो ६, ग्रॅम ५०. मध्ये नुसता टिंब टाकला तर दिसेल ६.५०! बाळ कागदावर साडेचारशे ग्रॅमने वाढलं.

सत्तरच्या दशकातल्या सी भाषेत यावर सोय आहे: ग्रॅमची तीन घरं शून्याने भरायला सांगायचं. मग येतं ६.०५०.

तुमच्या काट्यावर १०५० ग्रॅम ठेवून बघा. काय दिसतं?