तळघरातला तीन टनांचा गोळा

परवा पुन्हा तो व्हिडिओ आला. तोच तो. अमेरिकेतली एक लाल बग्गी, पाण्यावर चालणारी, आणि खाली ठळक अक्षरात "तेल कंपन्यांनी या शास्त्रज्ञाला विष घालून मारलं, सगळ्यांना पाठवा". ई-मेल फॉरवर्डच्या जमान्यापासून मी ही बग्गी बघतोय. आता ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते, एवढीच काय ती प्रगती.

बग्गीवाल्याचं नाव स्टॅनली मेयर, राहणार ओहायो. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क ८३ लिटर पाण्यात, असा त्याचा दावा होता. फॉरवर्डमध्ये जे नसतं ते असं, की त्याच्याकडून डीलरशिप घेतलेल्या दोघांनी त्याला कोर्टात खेचलं. १९९६ साली तज्ज्ञांनी त्याचा 'फ्युएल सेल' उघडून पाहिला, तर आत आपण नववी-दहावीत केलेलं पाण्याचं विद्युत अपघटन! बाकी काही नाही. कोर्टाने ही उघड फसवणूक ठरवली आणि २५,००० डॉलर्स परत करायला लावले. १९९८ मध्ये तो गेला, तो मेंदूतली रक्तवाहिनी फुटून, असं तिथल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवलंय.

यातलं फिजिक्स चार ओळींचं आहे. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. एक लिटर पाणी फोडायला साधारण १.६ कोटी ज्यूल ऊर्जा लागते आणि तो वायू पुन्हा जाळला की जास्तीत जास्त तेवढीच परत मिळते. एंजिनात तर त्यातलीही बरीचशी उष्णता होऊन निघून जाते. झालं, संपलं. पण गंमत अशी की हे सांगून कोणीही पैसे गुंतवायचं थांबत नाही. समोरचा शांतपणे म्हणतो, "ते तुझं पुस्तकी झालं, आम्ही चालताना पाहिलंय." म्हणून आज फिजिक्स बाजूला ठेवून एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं एंजिनही अनेकांनी चालताना पाहिलं होतं. सलग सव्वीस वर्षं!

तर मंडळी, गाव फिलाडेल्फिया, साल १८७२. जॉन वॉरेल कीली नावाचा एक गृहस्थ, आधी सुतारकाम केलेला, थोडाफार संगीताचा नाद असलेला, जाहीर करतो की त्याला एक नवीन शक्ती सापडली आहे. शाळा-कॉलेजचं शिक्षण बेताचंच. पण माणूस बोलायला तयार, आणि वेळ अचूक साधलेली. शहरं कोळशाच्या धुराने काळी पडत होती आणि रेल्वेच्या शेअर्सवर लोक गब्बर झाले होते. कोळशाशिवाय चालणारं एंजिन म्हटल्यावर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या शेटजींनी कीली मोटर कंपनीत पैसे ओतले.

नोव्हेंबर १८७४ मध्ये त्याने जो डेमो दिला तो बघण्यासारखा असणार. यंत्राच्या नळीत त्याने अर्धा मिनिट तोंडाने फुंकर मारली. मग त्याच नळीतून पाच गॅलन पाणी ओतलं. थोडी खुडबुड, दोन-चार व्हॉल्व्ह इकडचे तिकडे, आणि दाबमापकाचा काटा चढला दर चौरस इंचाला १०,००० पौंडांवर. (आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ असतो.) या दाबाने जाडजूड दोर तुटले, लोखंडी कांबी वाकल्या, बंदुकीच्या गोळ्या फूटभर जाडीच्या फळ्यांतून आरपार गेल्या. यंत्राचं नाव होतं हायड्रो-न्यूमॅटिक-पल्सेटिंग-व्हॅक्युओ-एंजिन. एखाद्या जुन्या जावा प्रोजेक्टमधला क्लास वाटतो की नाही?

आता इथे जरा थांबूया, कारण सगळी मेख इथेच आहे. तो काटा खोटा होता असं समजायचं कारण नाही. दाब खरोखरच असेल. पण दाब म्हणजे ऊर्जा नव्हे. आज बाजारात हायड्रॉलिक जॅकचा हातपंप मिळतो, एक माणूस दांडा हलवून हलवून त्यात तेवढाच १०,००० पौंडांचा दाब उभा करतो. त्यावर कोणी मुंबई-पुणे रेल्वे चालवत नाही. २०० वातावरणांच्या दाबाने भरलेल्या एक लिटर हवेतून, सगळं अगदी जमून आलं तर, लाखभर ज्यूल निघतील. एक लिटर पेट्रोलमध्ये तीन कोटींच्या वर असतात. म्हणजे आधी भरून ठेवलेल्या हवेवर दोर तोडता येतो, कांब वाकवता येते, पंधरा मिनिटांचा झक्कास डेमो देता येतो. दोन दिवस गिरणी चालवता येत नाही. त्या खोलीत जमलेल्या लोकांनी "किती दाब?" विचारलं. "किती वेळ?" हे विचारायला हवं होतं.

आणि कीलीने तो प्रश्न येऊच दिला नाही. एंजिन जवळजवळ तयार आहे, फक्त दोन महिने द्या, असं तो सांगायचा. दोन महिन्यांनी जुनं यंत्र मोडीत निघालेलं असायचं आणि त्याहून सरस नव्या यंत्राचं काम सुरू झालेलं असायचं. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल: व्हर्जन वन कधी रिलीज होतच नाही, कारण सगळी टीम व्हर्जन टू लिहितेय. शेअरहोल्डर वैतागले, गुपित उघड करा म्हणून कोर्टात गेले. दुसऱ्या एका खटल्यात तर कोर्टाचा आदेश पाळला नाही म्हणून १८८८ साली तो काही दिवस तुरुंगातही जाऊन आला. गुपित मात्र सांगितलं नाही. उलट तुरुंगात गेल्यामुळे भक्तांच्या नजरेत तो हुतात्माच झाला.

त्याची भाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच ठरवलं होतं की अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत. १८४० च्या दशकात मायर, ज्यूल, हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मांडला. त्यामुळे कीली 'अखंड गती' हा शब्दच टाळायचा. तो म्हणायचा, ईथर. त्या काळात मॅक्सवेलसारखे लोक ईथर मानत होते, म्हणजे शब्द प्रतिष्ठित, पण त्याला कोणी हात लावून पाहिलेला नाही. पुढे पुढे तर कीली व्हायोलिन आणि नादकाट्याच्या सुराने यंत्र सुरू करायला लागला, अणूंची 'सहानुभूतीची कंपनं' वगैरे. आज त्याच जागी क्वांटम, झीरो पॉइंट आणि नॅनो येतं. दरवेळी शास्त्राच्या वेशीवरचा ताजा शब्द उचलायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला "मला कळत नाही" म्हणायची लाज वाटते.

(भास्कराचार्यांचं चाक पुढे करणाऱ्यांसाठी: हो, ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. ते चाक फिरणार नाही. पण आमच्या खानदेशाशी नातं असलेल्या या थोर माणसाने त्या चाकाचे शेअर्स विकले नाहीत, हा फरक मोठा आहे.)

कंपनीचे पैसे आटले तेव्हा कीलीला क्लारा ब्लूमफील्ड मूर भेटल्या. या बाईंबद्दल वाचताना मला खरंच वाईट वाटतं. कागद कारखानदाराच्या विधवा, स्वतः लेखिका, हुशार, वाचन भरपूर. त्यांना नफा नको होता. जगाला फुकट शक्ती मिळेल, गरिबांचे कष्ट कमी होतील यावर त्यांचा मनापासून विश्वास बसला होता. त्यांनी कीलीला लाखाच्या वर डॉलर्स दिले, वर महिन्याला २,५०० डॉलर्स पगार. त्या काळचे! १८९३ मध्ये त्याच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बरं, बाईंनी पडताळणीचा प्रयत्नच केला नाही असंही नाही. १८९० मध्ये जोसेफ लीडी यांच्यासारख्या नामवंत प्राध्यापकाने प्रयोग पाहिले आणि पसंतीची पावती दिली. लीडी खरोखर मोठे शास्त्रज्ञ होते, पण प्राण्यांच्या हाडांचे! अमेरिकेतल्या डायनोसॉरच्या पहिल्या मोठ्या सांगाड्याचं वर्णन त्यांचं. नळ्या, झडपा आणि लपवलेली हवा हा त्यांचा प्रांतच नव्हता.

पुढे १८९५ च्या सुमारास बाईंनी अलेक्झांडर स्कॉट या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला पाठवलं. त्याने इंजिनिअरसारखा विचार केला. कीलीच्या यंत्रांना जोडलेली 'तार' सूर वाहून नेते म्हणे, पण ती जरा जाडच दिसतेय. पोकळ तर नाही? हवेची नळी तर नाही? त्याचा संशय तिथेच पक्का झाला. बाईंनी मदत एकदम कमी केली, पण पूर्ण तोडली नाही. इतकी वर्षं धरलेला विश्वास एका तारेवरून सोडवत नाही माणसाला.

याच फिलाडेल्फियात ऐंशी वर्षांपूर्वी हेच घडून गेलं होतं, आणि तेही लोक विसरले होते. १८१२ साली चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाने आपोआप चालणारं यंत्र मांडलं होतं. तिकीट लावून दाखवायचा, वर सरकारकडे पैसे मागितले. जानेवारी १८१३ मध्ये तपासनीस आले, तर यंत्र कुलूपबंद खोलीत, बघायचं ते गजांच्या खिडकीतून. तपासनिसांपैकी नेथन सेलर्स यांनी आपला लहान मुलगा बरोबर आणला होता. त्या पोराच्या लक्षात आलं की चाकांचे दाते भलत्याच बाजूने झिजलेत. म्हणजे यंत्र दुसऱ्या चाकाला फिरवत नव्हतं, ते दुसरं चाकच यंत्राला फिरवत होतं! सेलर्सनी गाजावाजा केला नाही. आयझेया ल्युकन्स या कारागिराकडून तसंच यंत्र करवून घेतलं, आत घड्याळाची स्प्रिंग लपवून. ते पाहून खुद्द रेडहेफर चाट पडला आणि गुपित विकत घ्यायला निघाला. नंतर तो न्यूयॉर्कला गेला. तिथे आगबोटवाल्या रॉबर्ट फुल्टनला यंत्राचा आवाज लयीत वाटेना. त्याने शेजारची फळी उचकटली, भिंतीतून गेलेला पट्टा धरून माळ्यावर पोचला, तर तिथे एक दाढीवाला म्हातारा एका हाताने दांडा फिरवतोय आणि दुसऱ्या हाताने पाव खातोय. :-)

आपल्याकडेही १९९६ मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लैंच्या 'वनस्पती पेट्रोल'ने केवढी खळबळ उडवली होती ते चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. पाणी आणि पाला उकळून इंधन! मोठमोठे लोक भारावले होते. पुढे त्याच नावाने इंधन विकल्याच्या खटल्यात २०१६ साली चेन्नईच्या कोर्टाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण सांगतो. माझ्या एका मित्राच्या वडिलांना मागच्या वर्षी एका 'चुंबकीय जनरेटर'ची तालुका डीलरशिप देऊ केली होती. रिटायरमेंटच्या पैशातून डिपॉझिट भरायचं, माल सहा महिन्यांनी. डेमोत दिवे लागले होते, पंखा फिरला होता. काका बँकेत आयुष्य काढलेले, अजिबात भोळे नाहीत. मी एवढंच सुचवलं की यंत्र आपल्या घरी आणा, आपल्या टेबलावर ठेवा, आपला मीटर लावा आणि शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ चालू ठेवा. काकांनी विचारलं. उत्तर आलं की पेटंटमुळे यंत्र बाहेर देता येत नाही. आता पेटंट म्हणजेच मुळात सगळं उघडपणे लिहून देणं, आणि त्या बदल्यात सरकारने दिलेलं संरक्षण. पेटंट असेल तर लपवायचं काय, आणि लपवायचंच असेल तर पेटंट कसलं? काकांनी हेही विचारलं. मग फोन यायचे थांबले.

कीली १८ नोव्हेंबर १८९८ ला वारला. दोन महिन्यांच्या आत क्लाराबाईही गेल्या. बाईंचा मुलगा क्लॅरेन्स हा पुरातत्त्वज्ञ, जुनी टेकाडं उकरणारा. आईचा पैसा कुठे गेला हे त्याला बघायचंच होतं. त्याने कीलीची कार्यशाळा भाड्याने घेतली आणि जानेवारी १८९९ मध्ये विद्यापीठातले शास्त्रज्ञ व वार्ताहर बरोबर घेऊन चक्क तिथे उत्खनन केलं. फरशीखाली खोटी फरशी, भिंतीतून आणि जमिनीखालून नेलेल्या पितळी नळ्या. तळघरात गुपचूप चालणारी पाण्याची मोटर. आणि तिथेच जवळजवळ तीन टन वजनाचा एक पोलादी गोळा, दाबलेली हवा साठवता येईल असा.

कंपनीचे शेअरहोल्डर मात्र गुपित हाती लागेल या आशेवर होतेच. कीलीची यंत्रं त्यांनी काळजीपूर्वक पेट्यांत भरली आणि पुढचं संशोधन करायला बॉस्टनला त्याच्या एका परिचिताकडे पाठवून दिली. गोळा फिलाडेल्फियातच राहिला.