बडतर्फी ते भरपाई : प्रतीक्षाकाळातील निर्वाहाचा इतिहास

प्रस्तावना

बेकायदेशीर बडतर्फीचा अभ्यास बहुधा न्यायालयीन निवाड्यांच्या अंगाने केला जातो. कामगाराला पुन्हा कामावर घेतले की नाही आणि मागील वेतन किती मिळाले, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु नोकरी गेल्याचा दिवस आणि हक्काची रक्कम हाती पडण्याचा दिवस यांच्यामध्ये अनेकदा वर्षानुवर्षांचे अंतर असते. त्या काळात घरातील चूल कोणाच्या पैशावर पेटत होती, हा प्रश्न इतिहासलेखनात फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात मुंबईच्या गिरणगावापासून आजच्या अध्यापकवर्गापर्यंत या प्रश्नाचा संक्षिप्त मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गिरणगावातील उसनवारी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगाराला कामावर ठेवणे आणि काढणे हे व्यवहारात जॉबरच्या हाती होते. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची कायदेशीर व्यवस्था अस्तित्वात नव्हती. नोकरी असतानाही कामगार कर्जात असे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या राजकीय श्रम आयोगाच्या अहवालात असा अंदाज नोंदविला आहे की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कुटुंबे वा व्यक्ती ऋणग्रस्त होत्या आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक होते. अशा कुटुंबात पगार थांबला की वाण्याकडील उधारी, पठाण सावकाराचे चढ्या व्याजाचे कर्ज, घरातील दागिने आणि अखेरीस रत्नागिरी, सातारा वा कोल्हापूरकडील गाव, एवढेच आधार उरत. गावाकडची शेती ही या अर्थाने गिरणी कामगाराचा अलिखित बेकारी विमाच होती.

या आधारव्यवस्थेत स्त्रियांचा वाटा मोठा होता. एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया संप वा बेकारीच्या काळात उधारीवर जेवण घालीत आणि त्यासाठी स्वतः सावकाराचे कर्ज काढीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. प्रतीक्षाकाळाचा भार प्रत्यक्षात कोण वाहत होते, हे यावरून स्पष्ट होते.

कायद्याने घेतलेली दखल

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने न्यायनिर्णयाची यंत्रणा निर्माण केली. तथापि एकट्या कामगाराच्या बडतर्फीला औद्योगिक विवादाचा दर्जा मिळण्यासाठी १९६५ ची दुरुस्ती व्हावी लागली. तोपर्यंत संघटनेने वा इतर कामगारांनी त्याचा प्रश्न हाती घेणे आवश्यक होते. १९७१ च्या दुरुस्तीने बडतर्फीची शिक्षा अवाजवी वाटल्यास ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना मिळाला. १९७८ च्या हिंदुस्तान टिन वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर बडतर्फीनंतर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम मानला. परंतु हे सर्व उपाय निकालानंतरचे होते.

निकाल लागल्यावरही मालक उच्च न्यायालयात जाऊन स्थगिती मिळवीत आणि जिंकलेला कामगार पुन्हा रिकाम्या हाताने वाट पाहत राही. या स्थितीवर उपाय म्हणून १९८२ च्या दुरुस्तीने कलम १७-ब समाविष्ट झाले. पुनर्नियुक्तीच्या निवाड्याविरुद्ध उच्च वा सर्वोच्च न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेपर्यंत कामगाराला शेवटचे वेतन देण्याचे बंधन त्याने मालकावर घातले. त्यासाठी आपण अन्यत्र नोकरीस नसल्याचे प्रतिज्ञापत्र कामगाराने देणे आवश्यक होते. ज्या वर्षी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारीपासून संपावर गेले, त्याच वर्षी ही दुरुस्ती संमत झाली. मात्र ती अमलात येण्यास २१ ऑगस्ट १९८४ उजाडला.

या कलमाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. कामगार न्यायालयातील पहिल्या टप्प्यात, म्हणजे निवाडा होईपर्यंत, त्याचा उपयोग नव्हता. शिवाय देना बँक प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने शेवटचे वेतन म्हणजे बडतर्फीच्या वेळचे वेतन असा अर्थ लावला. खटला लांबला की महागाई वाढे, निर्वाहाची रक्कम मात्र गोठलेली राही. नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात येऊन १९४७ चा अधिनियम इतिहासजमा झाला. ही तरतूद नव्या संहितेतही राखली गेली आहे.

दाव्यावर कर्ज

अमेरिकेसारख्या देशांत प्रलंबित दाव्याच्या अपेक्षित रकमेवर आगाऊ पैसे देणाऱ्या खासगी कंपन्यांचा व्यवसाय उभा राहिला. भारतात वकिलाने अशिलाच्या दाव्यात पैसा गुंतविण्यास मनाई आहे. वकील नसलेल्या त्रयस्थाने असे साहाय्य करण्यास प्रतिबंध दिसत नाही, असे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदविले. तरीही बडतर्फ कामगाराचा दावा बँकेच्या दृष्टीने तारण ठरत नाही. त्यामुळे त्याचे कर्ज नात्यागोत्यातून वा सावकाराकडूनच येते.

अध्यापक आणि प्रतीक्षाकाळ

हा प्रश्न केवळ गिरणीपुरता मर्यादित नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाखालील कामगार नाही, असा निर्णय दिला. परिणामी १७-ब चे कवच अध्यापकांना मिळाले नाही. नव्या संहितेतील कामगाराच्या व्याख्येतही अध्यापनाचा उल्लेख नाही. महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी १९७७ च्या अधिनियमाने न्यायाधिकरण दिले, परंतु बडतर्फ शिक्षकाच्या प्रतीक्षाकाळाचे उत्तर त्यातून पूर्णपणे मिळाले नाही.

औरंगाबाद येथील (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिकेला २००७ मध्ये बडतर्फ करण्यात आले. न्यायाधिकरणाने ती बडतर्फी रद्द केली, तरी उच्च न्यायालयाने मागील वेतन नाकारले. अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मंजूर केले. उत्पन्न थांबल्यावर कुटुंबाला उपासमार टाळण्यासाठी नातेवाईक व परिचितांकडे हात पसरावे लागतात, तसेच खटला लांबल्याचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही, याची या निकालाने स्पष्ट दखल घेतली. गिरणगावातील खानावळवालीला जे पूर्वीपासून ठाऊक होते, ते येथे न्यायालयाच्या भाषेत नोंदले गेले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, कायद्याने अन्यायाची भरपाई लवकर मान्य केली, परंतु प्रतीक्षेचा खर्च उशिरा आणि अर्धवट मान्य केला. उरलेला खर्च गावाकडच्या शेतीने, स्त्रियांच्या श्रमाने आणि सावकाराच्या व्याजाने भागविला. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, तो खटला जिंकण्याआधीच मिळेल ती तडजोड स्वीकारून मोकळा झाला. निकालांच्या संग्रहात अशा माणसाची नोंद सापडत नाही. म्हणूनच श्रमिकांचा इतिहास लिहिताना निवाड्यांइतक्याच काळजीने उधारीच्या वह्या, गहाणखते आणि मौखिक आठवणी तपासणे आवश्यक आहे. विनाअनुदानित व तासिका तत्त्वावरील अध्यापकांची संख्या लक्षात घेता, हा प्रश्न आपल्या व्यवसायालाही परका नाही.